लाल दिव्यास हरकत नाही

केसरीनाथ तरेचा देवावर विश्वास होता, पण शिक्क्यावर त्याहून जास्त. देव पावेल न पावेल, गोल शिक्का मात्र कुठल्याही टेबलावर पावतो, हे त्याने सरपंच झाल्यापासून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचं गाव राहनाळच्या पलीकडचं. नाव सांगून उपयोग नाही, कारण भिवंडीच्या त्या पट्ट्यातली गावं आता गोदामांच्या नंबरांनीच ओळखली जातात. जिथे भात व्हायचा तिथे पत्र्याची गोदामं उभी राहिली, आणि प्रत्येक गोदामाला, त्यातल्या गाळ्याला, गाळ्यातल्या पोटगाळ्याला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागू लागला. ग्रामसेवक दाखल्यांचा गठ्ठा घेऊन यायचा, केसरीनाथ तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून घ्यायचा आणि उभ्या उभ्या सह्या ठोकायचा. वाचत बसलो तर गावाचा विकास खोळंबेल, असं तो म्हणे. विकासाची त्याला फार काळजी होती.

सही मात्र हिरव्या शाईची. तो निवडून आला तेव्हा थोरल्या बहिणीने, गोदूने, बाजारातून मुद्दाम हिरव्या शाईचं पेन आणून दिलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कधीतरी तालुक्याच्या कचेरीत एका मोठ्या साहेबाला तिने हिरव्या शाईने सही करताना पाहिलं होतं, आणि आपला भाऊ त्या साहेबापेक्षा तसूभरही कमी नाही असं तिचं ठाम मत होतं. सरपंचाने हिरवी शाई वापरावी की नाही असा प्रश्न ग्रामसेवकाच्या मनात आला असेलही, पण त्याने तो मनातच ठेवला. शाई संपली की गोदूच नवी बाटली आणायची.

गोदू धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण उशिरा आली तर मांडवात जीव येत नाही. तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा तो तिने, धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात देवांना आणि पितरांना बोलवायचं ते तिने, आणि मध्येच वऱ्हाडातल्या आगाऊ माणसाचं नाव धवल्यात गुंफून त्याची हजामत करायची तीही तिनेच. अशा वेळी ज्याचं नाव यायचं त्याने खाली मान घालून हसायचं असतं, उत्तर द्यायचं नसतं. गोदूच्या तोंडून नाव निघालं की ते पुढल्या लग्नापर्यंत गावाच्या तोंडात राहायचं.

तिचे गुडघे गेले त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, वैशाखात क्षितिजाचं लग्न ठरलं. क्षितिजा केसरीनाथची एकुलती एक लेक. भाचीचा धवला दुसऱ्या कोणी गायला तर मी मांडवात पाय ठेवणार नाही, असं गोदूने जाहीर केलं, आणि चौक लिहायला जमिनीवर बसायचं कसं हे मात्र तिलाच कळेना. ती बसली की उठायला दोन बायका लागायच्या. लग्नाच्या आत बहिणीला जमिनीवर बसती करायची, एवढं एकच काम केसरीनाथने अंगावर घेतलं.

लाल दिव्याच्या शेकाचं खूळ तेव्हा नुकतंच पसरत होतं. गुडघे, खांदा, कंबर, सगळ्यावर म्हणे लाल दिवा. राजकारणातल्या माणसाला लाल दिवा म्हटला की आधी गाडी आठवते, त्यामुळे केसरीनाथचं त्या उपचाराबद्दल मुळातच चांगलं मत होतं. क्षितिजाने सायबर कॅफेत बसून शोध घेतला. अमेरिकेतले दवाखाने भरपूर सापडले, भिवंडीतला एकही नाही. मग शोध नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे तोंडी सुरू झाला.

केसरीनाथचा जुना दोस्त मोहिउद्दीन याचे शहरात लूम होते आणि त्याचा खांदा लाल दिव्याने बरा झाला होता. त्याने आपल्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ता दिला आणि बजावलं की ती बाई आधी शुगर विचारते, मग नाव. केसरीनाथ गोदूला तिथे घेऊन गेला. बाईंनी खरंच तसंच केलं. गोदूला शुगर आहे हे कळल्यावर त्यांनी गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या तिच्या पायाला लावून, डोळे मिटून कुठली गरम ते ओळखायला सांगितलं. गोदूने दोनदा चुकीचं सांगितलं, आणि तिसऱ्यांदा बाईंनाच विचारलं की तुला ठाऊक आहे तर मला कशाला विचारतेस. बाई हसल्या. आधी रक्त तपासून शुगर ताब्यात आणा, दिव्याचं मग बघू, आणि तोवर हे व्यायाम करा, असं त्यांनी सांगितलं. केसरीनाथला हे काही पटलं नाही. लग्न वैशाखात, आणि ही बाई नळ्यांशी खेळते. शिवाय भिंतीवर इंग्रजी पदवीची नुसती एक फ्रेम होती, आणि त्या पदवीवरचा शिक्का बारका होता.

त्यानंतर त्याने आणखी एक जागा पाहिली. तिथे लाल दिवा आणि मेंदी एकाच खोलीत होते, म्हणून तो दारातूनच परतला. मग ग्रामसेवकाने सांगितलं की लांब कशाला जाता, आपल्याच हद्दीत हायवेच्या गाळ्यात ‘अरुणप्रभा प्रकाशोपचार केंद्र’ निघालं आहे.

केंद्र भाविक नावाच्या तरुणाचं होतं. तो खारबावचा. आधी मिक्सर विकायचा. आता पांढरा कोट घालायचा. आपण डॉक्टर आहोत असं तो कधीच म्हणाला नाही आणि कोणी डॉक्टर म्हटलं तर त्याने कधी अडवलंही नाही. गाळ्याचं शटर अर्धं ओढलेलं, आत पडदे, आणि सगळीकडे लाल उजेड. भिंतीवर, पेशंटला पडल्या पडल्या दिसेल अशा जागी, सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये एक कागद लावला होता.

केसरीनाथ थेट फ्रेमपाशी गेला. चष्मा गाडीत राहिला होता, त्यामुळे मजकुराच्या मुंग्याच दिसत होत्या, पण मजकुराशी त्याला कर्तव्य नव्हतं. खाली गोल शिक्का होता, ठसठशीत, आणि त्यावर काळ्याभोर शाईची एक ऐसपैस सही होती. बारीक सही कारकुनाची, पसरट सही साहेबाची, हा त्याचा अनुभव. एवढी पसरट सही म्हणजे नक्की जिल्ह्याचं काम, कदाचित त्याच्याही वरचं. त्याने मान डोलावली आणि भाविकला म्हणाला, “रीतसर हाय.”

भाविकने हात जोडले. “सगली तुमचीच कृपा, साहेब.”

असं त्याला रोज कोणी ना कोणी म्हणायचं. त्याने ते नेहमीसारखं खिशात घातलं आणि गोदूला टेबलावर झोपवलं.

गोदूला दिवा फार आवडला. गुडघे हलके झाल्यासारखे वाटतात म्हणाली, आणि वाटतही असतील, कारण उभ्या आयुष्यात रोज ठरलेल्या वेळी आडवं पडायला तिला पहिल्यांदाच मिळत होतं. टेबलावर पडल्या पडल्या ती क्षितिजाच्या लग्नाचे धवले मनात जुळवायची. भाविकने शुगरचं विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि केसरीनाथला माहीत होतं, पण तोही बोलला नाही. पुन्हा नळ्या निघतील अशी त्याला धास्ती होती.

मग एका दुपारी लोडशेडिंगने घात केला. लाइट गेली, भाविक जनरेटर लावायला गाळ्याच्या मागे गेला. गोदूने अंधारात कूस बदलली आणि अवघडलेला पाय सोयीने दिव्याच्या अगदी जवळ सरकवून ठेवला. जनरेटर काही लागेना. भाविक त्याच्याशी झटत राहिला, आणि तेवढ्यात लाइट आली. दिवा पेटला, गोदूचा डोळा लागलेला होता, आणि पायाने तिला काही कळवलं नाही. शुगरने पायाची जाणीव कधीच नेली होती. नळ्यांनी ते सांगितलं होतं. वास आला तेव्हा तिला झोपेत वाटलं की शेजारी कोणीतरी सुकट भाजतंय.

पोटरीवर तळहाताएवढी जखम झाली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पट्टी करता करता विचारलं की शुगरच्या पेशंटला असा दिवा कोणी लावला. मग केसरीनाथला बाजूला घेऊन म्हणाले की जखम काळी पडली तर पाय वाचवणं अवघड आहे. केसरीनाथ पायरीवर बसला आणि रडला. आई गेल्यावर त्याला न्हाऊ-खाऊ घालणारी हीच बहीण होती, आणि तिला त्या टेबलावर त्यानेच झोपवलं होतं. हे मनात आलं तसं त्याने ते घाईघाईने बाजूला सारलं. झोपवलं आपण खरं, पण परवानगी पाहून झोपवलं. परवानगी देणारा कोण? रागाला जागा सापडली तसं त्याला बरं वाटलं.

तो गोदूच्या खाटेपाशी गेला आणि म्हणाला की ज्याने या दुकानाला परवानगी दिली त्याला मी सोडणार नाही.

गोदू वेदनेत होती, पण धवलारीण होती. “सोरू नको,” ती म्हणाली. “निस्ता नाव मना आनून दे. क्षितिजाच्या लग्नान धवल्यात घालते त्याला. सात पिऱ्या याद ठेवतील.”

सही जिल्ह्याची तर शोधही वरच, असं म्हणून केसरीनाथने कचेऱ्या पालथ्या घातल्या. सरपंच म्हणून सगळीकडे खुर्ची आणि चहा मिळाला, बाकी काही मिळालं नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागात सांगितलं की आम्ही खाटा असलेले दवाखाने बघतो, याच्याकडे खाट नाही, टेबल आहे, आणि तुमचं गाव तर आमच्या हद्दीतच नाही. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलं की तो औषध देतो का, सुई टोचतो का, पाटीवर डॉक्टर लिहिलंय का. तिन्हींना नाही म्हटल्यावर ते म्हणाले की मग तो बोगस डॉक्टरही होत नाही, बोगस व्हायलासुद्धा आधी डॉक्टर म्हणवून घ्यावं लागतं. फिजिओथेरपीवाल्यांचं काय, असं विचारलं तर कळलं की त्यांचा कायदा झालाय, पण याने पाटीवर ते नावही लावलेलं नाही, नुसता प्रकाशोपचार लिहिलाय. औषधांच्या खात्यात एका सज्जन साहेबांनी समजावून सांगितलं की आम्ही औषधं बघतो, काही थोडी उपकरणंही बघतो, पण त्यात तुमचा दिवा बसत नाही. वीज कंपनीने मीटर तपासला आणि तो धंद्याचाच आहे, चोरी नाही, असं प्रशस्तिपत्र दिलं. पोलिसांनी अर्ज घेतला, जखमेचा डॉक्टरी दाखला मागितला, आणि भाविकला बोलावू म्हणाले. पण केसरीनाथला भाविक नकोच होता. भाविक काय, मिक्सर विकणारा पोर. त्याला शिक्केवाला हवा होता.

जिथे जाईल तिथे तो सांगायचा की भिंतीवर परवानगी लावलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, केवढी मोठी सही आहे. ते ऐकून साहेब लोक एकमेकांकडे बघायचे. असा परवाना देणारं खातं त्यांनाही सापडत नव्हतं. असा दिवा लावणाऱ्या सगळ्यांना देशात कोणीतरी जाब विचारत असणार, असं त्यालाही आजवर वाटत आलं होतं, जसं ते गोदूला वाटलं, आणि त्या टेबलावर पडलेल्या प्रत्येकाला वाटत असणार.

शेवटी दुकानांच्या नोंदणीच्या कचेरीत एक निवृत्तीला आलेले कारकून भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान लावता लावता सांगितलं की साहेब, दुकानाची नोंद आम्ही करतो, आत काय चालतं ते बघणं आमचं नाही. अमुक जागेत अमुक चालायला हरकत नाही असं कोणीतरी लिहून दिलेलं असतं. तुम्ही पाहिलात तो कागद तोच असणार. ज्याने तो दिला त्याला विचारा की काय बघून दिला. आणि काढून घ्यायचा तर तोही त्यानेच घ्यायचा.

केसरीनाथ खूश झाला. तो तडक हायवेच्या गाळ्यावर गेला. या खेपेला चष्मा लावून गेला.

नेमकी लाइट गेलेली होती. भाविक उकाड्याने हैराण होऊन बाहेर बसला होता. सरपंचाला पाहून तो उठला. गोदूआत्यांचा पाय कसा आहे, असं त्याने खाली बघत विचारलं. त्या दिवसापासून दिवा लावला की पेशंटपाशीच बसतो, असंही म्हणाला. परवानगीचा कागद दाखव, एवढंच केसरीनाथ म्हणाला. आत अंधार होता म्हणून भाविकने शटर पार वरपर्यंत ढकललं, पडदे सारले, आणि त्या गाळ्यात बहुधा पहिल्यांदाच उन्हाचा पट्टा थेट भिंतीपर्यंत गेला.

फ्रेममधली सही हिरवी होती.

लाल उजेडात हिरवं काळं दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तसं आता ठाऊक होऊनही काही उपयोग नव्हता. पहिल्या अक्षराचा मोठा फाटा, शेवटी मागे वळवून ओढलेली रेघ, आणि खाली त्याच्याच ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. मजकूर दोनच ओळींचा होता. सदर गाळ्यात विद्युत दिवे लावून व्यवसाय करण्यास या ग्रामपंचायतीची हरकत नाही.

केसरीनाथ बराच वेळ वाचत राहिला. शेवटी त्याने विचारलं, “तवा का न्हाय बोललास?”

भाविकला प्रश्नच कळेना. “काय बोलू, साहेब? तुमी सही बघून रीतसर हाय बोल्ले. मना वाटला तुमी आपलीच सही बघून खूश झाले.” मग तो हळूच म्हणाला, “लोकांना पन तीच दाखवतो मी. सरपंचाची सही हाय बोल्लो का कोनी काय विचारत न्हाय.”

केसरीनाथने फ्रेम भिंतीवरून काढली, काखेत मारली आणि भाविकला शटर बंद करायला सांगितलं. भाविकने केलं. सगळ्या कचेऱ्यांना मिळून जे जमलं नव्हतं ते एवढ्यात झालं, आणि ते आधीही एवढ्यातच झालं असतं.

घरी गोदू ओटीवर खाटेवर बसली होती, पाय उशीवर. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते की पाय राहील, पण जमिनीवर बसायचं नाव वर्षभर काढायचं नाही. म्हणजे क्षितिजाचा चौक तिच्या हातून होणार नव्हता. कमळ, केसरीनाथची बायको, परातीत पीठ घेऊन जमिनीवर सराव करत होती आणि गोदू वरून नुसत्या तोंडाने तिच्या रेघा काढत होती आणि मोडत होती. आपण खुर्चीवर बसून गाऊ, असं तिने ठरवून टाकलं होतं. हे सगळं तिने भावाला सांगितलं, आणि मग नेहमीसारखं विचारलं, “गावला का रं त्याचा नाव?”

वाटेत गाडीत केसरीनाथने बरीच वाक्यं तयार केली होती. ग्रामपंचायतीकडून अनवधानाने, असं एक होतं. कामाच्या गर्दीत, असं दुसरं. ती सगळी सोडून त्याने फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली.

गोदूला वाचता येत नव्हतं. तिने फ्रेम उन्हाकडे धरली आणि शिक्क्याजवळ बोट नेलं. बोट तिथेच थांबलं. हिरवा रंग तिने स्वतः दुकानात चार बाटल्या उघडून, बोटाला लावून पाहून निवडला होता. केसरीनाथला वाटलं, आता ही ओरडेल, फ्रेम फेकेल, आणि तसं व्हावं असं त्याला मनापासून वाटलं. खाली मान घालून ऐकून घ्यायची त्याची तयारी होती.

गोदूने फ्रेम उलटी करून खाटेवर ठेवली.

“आता कसा करू, केसऱ्या?” ती म्हणाली. “मांडवान पोरीच्या बापाचा नाव मानानं घ्यावा लागतं धवल्यात. त्याच नावाची हजामत कशी करू? एकाच तोंरानं?”

ताई, चुकलो, असं तो म्हणाला, पण ते इतकं हळू की त्यालाच ऐकू आलं की नाही कोण जाणे. गोदूने हात पुढे केला. ती काय मागते ते त्याला कळलं. त्याने खिशातलं पेन काढून तिच्या हातावर ठेवलं, तिने ते उशीखाली सरकवलं आणि कमळला म्हणाली की कोपऱ्यातली रेघ वाकडी आलीय, पूस आणि पुन्हा ओढ.

बाहेर गाडीपाशी ग्रामसेवक येऊन थांबला होता. गठ्ठा नेहमीसारखा बॉनेटवर मांडलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. केसरीनाथचा हात सवयीने खिशाकडे गेला. ग्रामसेवकाने तत्परतेने आपलं निळं पेन पुढे केलं. ते न घेता केसरीनाथने दगड बाजूला केला, चष्मा चढवला आणि सगळ्यात वरचा कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.